गुरुजींचें वेतन आणि शिष्याचा वांटा

यंदा पितृपंधरवड्यांत थोरल्या बंधूंच्या घरीं तीर्थरूपांचें श्राद्ध होतें. आम्ही सर्व भावंडें, लेकीसुना, नातवंडें जमलों होतों. ब्राह्मणांचीं पानें उठून घरच्यांचीं पानें मांडलीं जात असतां अमेरिकेंतून बंधूंच्या द्वितीय चिरंजीवांचा दूरध्वनि आला. हा आमचा पुतण्या गेलीं अठरावीस वर्षें तिकडे असून एका विद्यापीठांत गणित शिकवितो. नमस्कार-आशीर्वाद झाल्यावर तो मला म्हणाला, "काका, तुम्ही जन्मभर मास्तरकी केलीत म्हणून तुम्हांसच विचारतों. ह्या देशांतील बहुतेक राज्यांत सरकारी संस्थांच्या नोकरांपैकीं सर्वांत अधिक पगार कोणास मिळत असेल?"

मीं गव्हर्नराचें नांव घेतलें. बंधु म्हणाले, मुख्य न्यायाधीश. सूनबाई स्वतः डॉक्टर आहेत. त्यांनीं वैद्यकीय महाविद्यालयांतील एखादा शल्यविशारद सुचविला. तिघांचेंहि उत्तर चुकलें. तो मान राज्याच्या विद्यापीठांत मुलांस फुटबॉल शिकविणाऱ्या कोचचा असतो. क्वचित् बास्केटबॉल शिकविणाऱ्याचा.

"म्हणजे मास्तरच म्हणा कीं!" वहिनी पान वाढतां वाढतां म्हणाल्या. "भाउजी, तुम्हीं उगाच रूपें घोकवीत बसलांत." सर्व हंसले, मीहि हंसलों. परंतु वहिनींनीं लगेच दुसरा प्रश्न विचारला, "आणि खेळणाऱ्या पोरांस काय मिळतें?" त्याचें उत्तर देण्यास पुतण्यास पाऊण तास लागला, भात निवला, आणि तो विषय मजपुरता त्या दिवशीं संपलाहि नाहीं. गेला महिनाभर मिळेल तें वाचून जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

आरंभींच एक गोष्ट कबूल करतों. वेतन घेऊन शिकविणें ह्याविषयीं आमचे स्मृतिकार फारसे प्रसन्न नव्हते. श्राद्धास कोणास बोलावूं नये ह्याच्या मनुस्मृतींतील यादींत पैसे घेऊन शिकविणारा व पैसे देऊन शिकणारा हे दोघेहि आहेत. त्या न्यायानें मी जन्मभर ज्या पंगतींस बसलों त्यांत बसण्याचा मला अधिकार नव्हता. तेव्हां दुसऱ्या गुरुजींच्या पगाराकडे बोट दाखवितांना माझा हात किंचित् कचरतो हें खरें. पण आंकडे ऐकल्यावर वाचकांचाहि घास अडेल.

तेथील फुटबॉल म्हणजे आपल्याकडील नव्हे. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट; तो बहुधा हातांत धरून पळावयाचें, आणि प्रतिपक्षानें त्यास आडवें पाडावयाचें. नांव पायाचें आणि काम हाताचें! डोक्यास शिरस्त्राण, खांद्यांस चिलखतासारख्या गाद्या. कॉलेजांचे सामने शरद ऋतूंत बहुधा शनिवारीं होतात. मिशिगन विद्यापीठाच्या प्रेक्षागारांत १,०७,००० हून अधिक लोक बसतात, आणि एक लक्षाहून मोठीं अशीं प्रेक्षागारें बाळगणारीं आणखीहि विद्यापीठें आहेत. एखाद्या जिल्ह्याच्या गांवची सर्व वस्ती एका सामन्यास येऊन बसावी तसा हा प्रकार.

आतां पगार. अलाबामा विद्यापीठाचे निक सेबन हे ह्या विद्येंतील महामहोपाध्याय; सात वेळां त्यांच्या संघांनीं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. २०२४ च्या जानेवारींत ते निवृत्त झाले तेव्हां त्यांची वार्षिक प्राप्ति १ कोटी १० लक्ष डॉलरांच्या वर होती. त्याच वर्षीं जॉर्जिया विद्यापीठाचे कर्बी स्मार्ट ह्यांची प्राप्ति सुमारे १ कोटी ३० लक्ष डॉलरांवर गेली. हें झालें यशस्वी गुरूंचें. परंतु अयशस्वी गुरूंची कथा अधिक ऐकण्याजोगी आहे. टेक्सस ए. अँड एम्. विद्यापीठानें २०२३ च्या नोव्हेंबरांत जिंबो फिशर ह्यांस मुदतीपूर्वीं दूर केलें. करार २०३१ पर्यंतचा होता, म्हणून त्यांस 'आतां शिकवूं नका' असें म्हणण्याबद्दल विद्यापीठावर ७॥ कोटी डॉलरांहून अधिक देणें चढलें. हा पैसा मुख्यतः करांतून येत नाहीं; तिकिटें, सामन्यांचें प्रक्षेपण, जाहिराती व माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या ह्यांतून येतो, असें समर्थन करतात. तें बव्हंशीं खरेंहि आहे. मात्र खेळाच्या खात्याचा खर्च स्वतःच्या कमाईंतून भागेल अशीं विद्यापीठें थोडीं आहेत. इतर ठिकाणीं तूट विद्यापीठाच्या निधींतून व सामान्य विद्यार्थ्यांच्या फीमधून भरली जाते.

हें सर्व दूरचित्रवाणीनें बिघडविलें असें माझें आरंभीं मत झालें होतें. इतिहास पाहतां तें टिकलें नाहीं. अमेरिकेंतील दोन कॉलेजांमधील पहिली स्पर्धा १८५२ मधील, हार्वर्ड व येल ह्यांची नौकांची शर्यत. आणि तिचा खर्च केला एका रेल्वे कंपनीनें, त्या सरोवराकडे उतारूंची रीघ लागावी म्हणून. म्हणजे व्यापार पाळण्यांतच शेजारीं निजला होता. १८६९ मध्यें रटगर्स व प्रिन्स्टन ह्यांचा पहिला फुटबॉलचा सामना झाला. १९०५ मध्यें हार्वर्डनें बिल रीड नांवाच्या सव्वीस वर्षांच्या तरुणास कोच म्हणून ७,००० डॉलरांवर आणलें. हें वेतन तेथील कोणत्याहि प्राध्यापकाहून अधिक आणि अध्यक्ष एलियट ह्यांच्या वेतनाच्या जवळपास जाणारें होतें. गंमत अशी कीं एलियट हे फुटबॉलचे कडवे विरोधक होते! त्याच हंगामांत देशभर ह्या खेळांत अठरा-एकोणीस मृत्यु वृत्तपत्रांनीं मोजले. प्रेसिडेंट थिओडोर रूझवेल्ट ह्यांनीं मोठ्या कॉलेजांच्या प्रतिनिधींस बोलावून कानउघाडणी केली, आणि त्या खळबळींतून १९०६ मध्यें जी संस्था निघाली तीच पुढें नॅशनल कॉलेजिएट अॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे एन्.सी.ए.ए., ह्या नांवानें ह्या सर्व खेळांची स्मृतिकार झाली.

ह्या स्मृतीचें मुख्य सूत्र असें: खेळाडू हा हौशी असला पाहिजे, त्यानें खेळाबद्दल पैसा घेतां कामा नये. सूत्र ऐकावयास गोड आहे. विद्यार्थ्यानें विद्या करावी, खेळ मनोरंजनासाठीं खेळावा, ह्यांत कोणा शिक्षकाचें दुमत असेल? परंतु १९२९ मध्यें कार्नेगी प्रतिष्ठानानें शंभरांहून अधिक कॉलेजांत हिंडून तपास केला, तेव्हां सुमारें तीन चतुर्थांश ठिकाणीं खेळाडूंस ह्या ना त्या मिषानें पैसा पोंचत असल्याचें आढळलें. कोठें लुटुपुटीची नोकरी, कोठें माजी विद्यार्थ्याच्या खिशांतील पाकीट. अखेर १९५६ पासून खेळाच्या गुणावर शिष्यवृत्ति देण्यास उघड मान्यता मिळाली: फी, पुस्तकें, जेवण व राहणें. त्यापलीकडे पै घेतली तर बहिष्कार.

ह्याच सुमारास घडलेली एक हकीकत मला विसरतां येत नाहीं. कोलोरॅडो राज्यांतील एका कॉलेजच्या वतीनें खेळणारा तरुण १९५५ मध्यें सामन्यांत डोक्यास मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेनें, कामावर असतांना मेलेल्या कामकऱ्याच्या कुटुंबास मिळते तशी भरपाई मागितली. १९५७ मध्यें राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें ती नाकारली. कारण, कॉलेज कांहीं फुटबॉलचा धंदा करीत नाहीं, तेव्हां तो तरुण नोकर कसा ठरणार? अशा दाव्यांची भीति पडली तेव्हांच एन्.सी.ए.ए.नें 'विद्यार्थी-खेळाडू' हा समास घडविला आणि तोच सर्वत्र वापरावा असा दंडक घातला. मी व्याकरणाचा मास्तर. शेंकडों समास सोडविले. पण विधवेची भरपाई चुकविण्याकरितां उपयोगी पडलेला समास हा माझ्या पाहण्यांतील पहिलाच. तो घडविणारे वॉल्टर बायर्स हे त्या संस्थेचे तीन तपें सर्वाधिकारी होते. निवृत्त झाल्यावर १९९५ मध्यें त्यांनींच पुस्तक लिहून ह्या व्यवस्थेवर विद्यार्थ्यांच्या पिळवणुकीचा आरोप केला. खुर्चीवरून उतरल्यावर दृष्टि स्वच्छ होणें हा रोग सर्वदेशीय दिसतो.

पैशाचा महापूर आला तो १९८४ नंतर. त्या वर्षीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क एकट्या एन्.सी.ए.ए.च्या मुठींतून सोडविले, आणि विद्यापीठें व त्यांचे गट स्वतः वाहिन्यांशीं सौदे करूं लागले. आतां असा विचार करा. मिळकत शतपट वाढली; विद्यापीठें ही धर्मादाय संस्था, त्यांस भागीदारांत नफा वांटावयाचा नाहीं; आणि ज्यांच्यामुळें लोक जमतात त्या खेळाडूंस शिष्यवृत्तीपलीकडे देणें निषिद्ध. मग हा पैसा जाणार कोठें? पाटाचें एक बारें बंद केलें म्हणजे पाणी विहिरींत परत जात नाहीं. तें शेजारच्या वाफ्यांत शिरतें. तें शिरलें कोचच्या वाफ्यांत. उरलेलें संगमरवरी व्यायामशाळांत आणि राजवाड्यासारख्या पोशाखगृहांत.

पुतण्यानें दाखविलेली दुसरी गोष्ट मला अधिक मार्मिक वाटली. सतरा वर्षांचा उमदा खेळाडू आपल्या विद्यापीठांत यावा म्हणून कोच स्वतः त्याच्या गांवीं जातो, त्याच्या घरीं बसतो, आईशीं बोलतो, "तुमचा मुलगा मी माझा समजून संभाळीन" असें सांगतो. विद्यापीठास त्या मुलासाठीं उघड बोली लावण्याची मनाई होती. म्हणून तें मुलास घेऊन येणाऱ्या माणसासाठीं बोली लावूं लागलें. म्हणजे कोचच्या वेतनांत त्याच्या विद्येचें मोल आहेच, पण त्यांत त्या मुलांचेंहि मोल मिसळलेलें आहे. फक्त पावती कोचच्या नांवानें फाडली जाते. हीं मुलें पुष्कळदां गरीब घरांतील, आणि त्यांत कृष्णवर्णीयांचें प्रमाण इतर विद्यार्थ्यांच्या मानानें कितीतरी अधिक, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या पावतीकडे पाहवत नाहीं.

एकलव्याची गोष्ट येथें कोणासहि आठवेल. पण ती लागू करण्यांत मला अडचण वाटते; द्रोणांनीं त्यास शिकविलेंच नव्हतें, आणि हे गुरु शिकवितात, उत्तम शिकवितात. मला आठवलें तें कालिदासाचें 'मालविकाग्निमित्र'. गणदास व हरदत्त हे अग्निमित्राच्या पदरचे पगारी नाट्याचार्य. दोघांत श्रेष्ठ कोण ह्याचा वाद लागतो, आणि ह्यांस फुकट पगार कशास द्यावयाचा, एकदां झुंज तरी पाहूं, असें विदूषक सुचवितो. निर्णय असा ठरतो कीं गुरूची परीक्षा शिष्येच्या नृत्यावरून व्हावी. वाद गुरूंचा, मान गुरूंचा. पण राजास दोन्ही गुरूंशीं कांहीं कर्तव्य नसतें, त्यास मालविका पाहावयाची असते! नृत्य झाल्यावर विदूषक राजाच्या हातांतील कडें ओढून तिला बक्षीस देऊं लागतो, तों राणी त्यास थांबविते. हा अंक मीं वर्गांत किती वेळां शिकविला असेल; मालविकेस त्या दिवशीं काय मिळालें हा प्रश्न मला कधीं सुचला नव्हता. माझाहि एक विद्यार्थी संस्कृतांत वरच्या क्रमांकानें आला तेव्हां शाल व श्रीफळ मला मिळालें आणि त्यास एक कोश. त्या वेळीं मला त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. शाल अजून माझ्या पेटींत आहे.

ही व्यवस्था ढांसळली ती न्यायालयांत. एड ओबॅनन नांवाच्या माजी बास्केटबॉलपटूस आपलें हुबेहूब रूप एका संगणकीय खेळांत विकलें जात असल्याचें आढळलें. त्यानें २००९ मध्यें दावा लावला आणि २०१४ मध्यें निकाल बव्हंशीं त्याच्यासारखा झाला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनीं कामगारसंघ स्थापण्याचा यत्न केला. २०१४ मध्यें खालच्या अधिकाऱ्यानें त्यांस नोकर ठरविलें, आणि २०१५ मध्यें वरच्या मंडळानें त्या प्रश्नांत हात घालण्याचें नाकारलें. २०१९ मध्यें कॅलिफोर्निया राज्यानें, खेळाडूस स्वतःचें नांव व चेहरा जाहिरातीस देऊन पैसा मिळवितां यावा, असा कायदा केला. पुढें २१ जून २०२१ रोजीं ऑल्स्टन खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनीं एन्.सी.ए.ए.विरुद्ध निर्णय दिला. प्रत्यक्ष प्रश्न शिक्षणाशीं निगडित लाभांपुरताच होता. परंतु न्यायमूर्ति कॅव्हॅनॉ ह्यांनीं स्वतंत्र मतपत्रांत स्पष्ट विचारलें कीं दुसऱ्या कोणत्या धंद्यास 'आम्ही मजुरी न देणें हेंच आमच्या मालाचें वैशिष्ट्य' असें म्हणून सुटतां येईल? दहाच दिवसांनीं, १ जुलैपासून, नांव व चेहरा विकण्याची मुभा देशभर मिळाली. शेवटीं ६ जून २०२५ रोजीं हाउस खटल्यांतील तडजोड मंजूर झाली: मागील वर्षांच्या खेळाडूंस दहा वर्षांत सुमारें २८० कोटी डॉलर द्यावयाचे, आणि यापुढें विद्यापीठांनीं स्वतः खेळाडूंस वांटा द्यावयाचा, पहिल्या वर्षाची मर्यादा दर विद्यापीठामागें सुमारें २ कोटी ५ लक्ष डॉलर.

तेव्हां आतां सर्व ठीक झालें म्हणावें काय? तसें म्हणवत नाहीं. बिऱ्हाड बदलावें तसें खेळाडू वर्षागणिक विद्यापीठ बदलूं लागले आहेत, आणि ज्याचें नांव दर वर्षीं नव्या पटावर त्याचा अभ्यास कोणत्या वर्गांत होणार? पोहणें, कुस्ती असले न मिळविते खेळ फुटबॉलच्या पैशावर जगत. त्यांचें काय होणार ही चिंता आहे. भरपाईचा सिंहाचा वांटा फुटबॉल व पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो म्हणून कांहीं स्त्री-खेळाडूंनीं मंजुरीनंतर लगेच अपील केलें. आणि कोचचें वेतन? तें कांहीं उतरलें नाहीं. लुइझियाना राज्य विद्यापीठानें २०२५ च्या ऑक्टोबरांत ब्रायन केली ह्यांस काढलें, तेव्हांहि पांच कोटींहून अधिक डॉलरांच्या देण्याची चर्चा सुरू झालीच.

एक तिसरा मार्ग एका विद्यापीठानें दाखविला होता. शिकागो विद्यापीठांत आलोंझो स्टॅग हे १८९२ पासून चाळीस वर्षें कोच होते, आणि त्यांस इतर अध्यापकांप्रमाणेंच अध्यापकाचें पद होतें. देशांतील सर्वोत्तम कॉलेज-खेळाडूस मिळणारा हाइस्मन पुरस्कार प्रथम १९३५ मध्यें दिला गेला तो शिकागोच्याच विद्यार्थ्यास. तरीहि अध्यक्ष हचिन्स ह्यांनीं १९३९ च्या डिसेंबरांत तेथील फुटबॉल बंद करून टाकला. मोकळ्या पडलेल्या त्या प्रेक्षागाराच्या पायऱ्यांखालीं, २ डिसेंबर १९४२ रोजीं, एन्रिको फर्मी ह्यांनीं अणूची पहिली नियंत्रित शृंखलाक्रिया घडविली. आमच्या बंधूंस ही गोष्ट फार आवडली. "असें करावें," ते म्हणाले. मला वाटतें, लाखांच्या प्रेक्षागारास कुलूप लावणारा अध्यक्ष आज दुसऱ्या दिवशीं घरीं बसेल. शिकागोनेंहि १९६९ मध्यें लहान प्रमाणांत तो खेळ पुनः सुरू केलाच.

माझें मत विचाराल तर, ज्या खेळाचीं तिकिटें विकलीं जातात त्याच्या खेळाडूस वेतन द्यावें. तें 'भृति' आहे हें म्हणावयास लाजूं नये. परंतु वेतनाच्या आधीं दोन गोष्टी लेखी असाव्यात: दुखापतीचा औषधोपचार खेळ सुटल्यावरहि चालावा, आणि पदवी मिळेपर्यंत फी विद्यापीठानें भरावी, मग तो खेळो वा न खेळो. हें मत मीं कोणा ग्रंथांतून घेतलेलें नाहीं. त्या दिवशीं पुतण्यानें शेवटीं जी हकीकत सांगितली तिच्यावरून तें बनलें.

पुतण्या नुकताच तिकडे गेला होता आणि दक्षिणेकडील एका राज्याच्या विद्यापीठांत स्वतः शिकत असतांना खालच्या वर्गांस गणित शिकवीत असे, तेव्हांची ती गोष्ट. त्याच्या वर्गांत फुटबॉलच्या संघांतील एक धिप्पाड मुलगा होता. पहांटे पांचला व्यायाम, दुपारीं सराव. त्यामुळें वर्गांत तो बसल्याबसल्या पेंगे. शिष्यवृत्ति त्या काळीं एक-एक वर्षाची असे. चार वर्षांची हमी १९७३ मध्यें काढून घेण्यांत आली होती, आणि खेळांतील कामगिरीवरून ती बंद करूं नये असा नियम मोठ्या विद्यापीठांनीं केला तो २०१५ मध्यें. हंगामाच्या मध्यास ह्या मुलाचा गुडघा मोडला. संघहि हरत होता. म्हणून विद्यापीठानें कोचला काढलें व करारांतील उरलेल्या वर्षांचे पैसे त्यास चुकते केले. नवा कोच आला, त्यास स्वतः निवडलेलीं मुलें हवीं होतीं. उन्हाळ्यांत ह्या मुलास पत्र आलें कीं पुढील वर्षीं शिष्यवृत्ति चालू राहणार नाहीं.

"गुडघा मोडल्यावर तो माझ्या वर्गांत एकदांहि पेंगला नाहीं, काका," पुतण्या म्हणाला. "कुबड्या भिंतीस टेकवून पहिल्या बांकावर बसे. त्या सहामाहींत त्यास 'बी' मिळाली. त्यानें ती दोनदां विचारून खात्री करून घेतली."

वहिनी पानावरून उठल्या होत्या. हात तसाच धरून दूरध्वनीपाशीं येऊन उभ्या राहिल्या. "अरे, पण मग त्या मुलाचें पुढें काय झालें?" त्यांनीं विचारलें.

पुतण्यास तें ठाऊक नव्हतें.